व्हीआरएफमधील रूट लीकिंग

रूट लीकिंग म्हणजे एकाच नेटवर्क स्विचवर किंवा राउटरवर चालणाऱ्या दोन किंवा अधिक आभासी राउटिंग विभागांमध्ये निवडक मार्गांची हेतुपुरस्सर केलेली देवाणघेवाण होय. अशा प्रत्येक विभागाला व्हीआरएफ म्हणतात; 'व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग' या नावाचे ते लघुरूप आहे. प्रत्येक व्हीआरएफचा मार्गतक्ता स्वतंत्र असतो आणि एका तक्त्यातील मार्ग दुसऱ्या तक्त्यास ज्ञात नसतात. हे वेगळेपण कायम राखून काही ठरावीक पत्त्यांपुरताच दोन विभागांत संपर्क घडवून आणावयाचा असेल, तर रूट लीकिंगचा अवलंब केला जातो. 'लीक' या शब्दाचा अर्थ गळती असा असला, तरी येथे ती अपघाताने झालेली गळती नसून जाळ्याच्या व्यवस्थापकाने विचारपूर्वक ठेवलेली वाट असते.

इंटरनेटवरील स्वायत्त जाळ्यांनी एकमेकांस कळवलेले मार्ग ठरलेल्या मर्यादेबाहेर पसरणे, यालाही 'रूट लीक' असेच म्हणतात. त्या दोषाची व्याख्या जून २०१६ मधील आरएफसी ७९०८ या दस्तऐवजात केली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे.

## पार्श्वभूमी

संगणकांच्या जाळ्यात माहिती पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पॅकेटवर ते जेथे जावयाचे त्या ठिकाणचा आयपी पत्ता असतो. राउटर, तसेच राउटिंगची क्षमता असलेला स्विच, हा पत्ता आपल्या मार्गतक्त्यात शोधतो आणि पॅकेट कोणत्या इंटरफेसमधून, पुढच्या कोणत्या टप्प्याकडे पाठवावयाचे ते ठरवतो. तक्त्यात एकाच पत्त्याला लागू पडणाऱ्या अनेक नोंदी असल्यास त्यांतील सर्वांत नेमकी, म्हणजेच सर्वांत लांब प्रीफिक्सची, नोंद निवडली जाते. कोणतीही नोंद लागू पडली नाही, तर पॅकेट टाकून दिले जाते.

सामान्य राउटरमध्ये असा एकच तक्ता असतो. व्हीआरएफमुळे एकाच यंत्रात असे अनेक तक्ते नांदतात आणि यंत्राचा प्रत्येक इंटरफेस त्यांपैकी एका तक्त्याशी जोडला जातो. एखाद्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, भिंती, छप्पर आणि जिना सर्वांचा एकच, पण प्रत्येकाचा उंबरठा आणि चूल वेगळी, अशी ही रचना असते. यंत्राचा प्रोसेसर, विद्युत्पुरवठा आणि चिप सामाईक असतात. मार्गांचे ज्ञान मात्र सामाईक नसते.

व्हीलॅन आणि व्हीआरएफ यांत पुष्कळदा गल्लत होते. व्हीलॅन जाळ्याचे विभाजन ओएसआय प्रतिमानाच्या दुसऱ्या स्तरावर करते, तर व्हीआरएफ तिसऱ्या स्तरावर. दोन व्हीलॅन वेगळ्या असल्या, तरी त्या एकाच मार्गतक्त्याशी जोडल्या असतील तर स्विच त्यांच्यामध्ये पॅकेटांची ने-आण करतो. त्या वेगवेगळ्या व्हीआरएफमध्ये ठेवल्या, तर तो तसे करत नाही.

व्हीआरएफचा आणखी एक लाभ खासगी पत्त्यांशी निगडित आहे. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ ने १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. कोणतीही संस्था हे पत्ते परवानगीवाचून वापरू शकते, त्यामुळे अनेक संस्थांचे अंतर्गत पत्ते एकसारखे असतात. स्वतंत्र तक्ते असल्यामुळे असे एकसारखे पत्ते वापरणारे दोन ग्राहक एकाच यंत्रावर निर्वेधपणे राहू शकतात.

## इतिहास

दूरसंचार कंपन्यांना एकाच पाठकण्यावरून अनेक ग्राहकांची खासगी जाळी चालवता यावीत, या गरजेतून व्हीआरएफची कल्पना पुढे आली. एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी लिहिलेला आरएफसी २५४७ हा दस्तऐवज मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीजीपी आणि एमपीएलएस यांच्या साहाय्याने अशी खासगी जाळी उभारण्याची पद्धत वर्णिली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये आरएफसी ४३६४ ने त्याची जागा घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आरएफसी ४६५९ ने ही पद्धत आयपी आवृत्ती ६ साठी विस्तारली.

पुढे एमपीएलएसचा आधार न घेता केवळ एका यंत्रापुरते किंवा एका संस्थेच्या जाळ्यापुरते व्हीआरएफ वापरण्याची प्रथा रूढ झाली. सिस्को कंपनीने या प्रकारास 'व्हीआरएफ-लाइट' हे नाव दिले. ज्युनिपरच्या उपकरणांत अशा विभागांना 'राउटिंग इन्स्टन्स' ही संज्ञा आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीआरएफची सोय २०१५ मध्ये, ४.३ या आवृत्तीपासून आली. त्यामुळे लिनक्सवर आधारलेल्या स्विचांतही ही व्यवस्था उपलब्ध झाली.

## देवाणघेवाणीची गरज

पूर्ण वेगळेपण कागदावर सुटसुटीत दिसते. व्यवहारात ते क्वचितच पुरते. सर्व विभागांना नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारा डीएनएस सर्व्हर लागतो, अचूक वेळ सांगणारा सर्व्हर लागतो आणि बहुधा इंटरनेटची एकच जोडणी वाटून घ्यावी लागते. प्रत्येक विभागासाठी या सेवा नव्याने उभारणे खर्चिक असते. अशा वेळी या सेवा एका 'सामाईक सेवा' व्हीआरएफमध्ये ठेवून तिचे मार्ग इतरांना दिले जातात. रूट लीकिंगचा सर्वाधिक आढळणारा उपयोग हाच होय.

याखेरीज दोन संस्थांना एखादाच सर्व्हर परस्परांस खुला करावयाचा असतो, दोन कंपन्यांचे विलीनीकरण होत असता त्यांची जाळी टप्प्याटप्प्याने जोडावयाची असतात, किंवा देखरेखीच्या यंत्रणेला सर्व विभागांतील उपकरणांपर्यंत पोहोचावयाचे असते. या सर्व प्रसंगी भिंत पाडावयाची नसते. तिच्यात मोजकेच दार ठेवावयाचे असते.

## कार्यपद्धती

स्विचमध्ये पॅकेट आले की ते ज्या इंटरफेसवर आले त्यावरून त्याचा व्हीआरएफ ठरतो. त्यानंतर चिप व्हीआरएफचा क्रमांक आणि गंतव्य पत्ता या दोहोंच्या आधारे नोंद शोधते. नेहमीच्या नोंदीत बाहेर पडण्याचा इंटरफेसही त्याच व्हीआरएफचा असतो. लीक केलेल्या नोंदीत मात्र तो दुसऱ्या व्हीआरएफचा असतो. रूट लीकिंगचे सारे तांत्रिक मर्म एवढ्यात सामावलेले आहे: शोध एका तक्त्यात होतो आणि पॅकेट दुसऱ्या विभागाच्या दारातून बाहेर पडते.

यातून एक अटळ परिणाम उद्भवतो. गेलेल्या पॅकेटाचे उत्तर दुसऱ्या विभागाच्या इंटरफेसवर येते आणि त्याचा शोध त्या दुसऱ्या तक्त्यात होतो. मूळ प्रेषकाचा मार्ग तेथे नसेल, तर उत्तर तेथेच टाकून दिले जाते. म्हणून मार्गांची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी करावी लागते. केवळ एका दिशेने मार्ग देऊन संपर्क होत नाही, ही या विषयातील नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक होय.

## पद्धती

### स्थिर मार्ग

एका व्हीआरएफच्या तक्त्यात हाताने मार्ग लिहून त्याचा पुढचा टप्पा किंवा बाहेरचा इंटरफेस दुसऱ्या व्हीआरएफमधील दाखवणे, ही सर्वांत सोपी पद्धत आहे. दोन-तीन मार्गांसाठी ती पुरेशी असते. तीत काय खुले केले आहे ते स्पष्ट दिसते, हा तिचा गुण. पत्ते बदलले की प्रत्येक नोंद हाताने बदलावी लागते, हा तिचा दोष.

### बीजीपी आणि रूट टार्गेट

मार्गांची संख्या मोठी असल्यास बीजीपीचा आधार घेतला जातो. येथे बीजीपीला शेजारी राउटर असावाच लागतो असे नाही. एकाच यंत्रातील तक्त्यांमध्ये मार्ग पोहोचवण्याचे साधन म्हणूनही ती वापरता येते. या पद्धतीत दोन खुणा महत्त्वाच्या असतात.

पहिली खूण रूट डिस्टिंग्विशर. ही ८ बाइटची संख्या ४ बाइटच्या आयपी पत्त्याआधी जोडली जाते आणि १२ बाइटचा एकमेव पत्ता तयार होतो. दोन ग्राहकांचे १०.१.०.०/१६ हे एकसारखे मार्ग त्यामुळे बीजीपीमध्ये निराळे ओळखता येतात.

दुसरी खूण रूट टार्गेट. प्रत्येक व्हीआरएफ आपले मार्ग बाहेर देताना त्यांवर ठरावीक रूट टार्गेट लावतो आणि कोणती रूट टार्गेट असलेले मार्ग आत घ्यावयाचे हेही ठरवतो. एका व्हीआरएफने बाहेर देताना लावलेली खूण दुसऱ्याच्या आत घेण्याच्या यादीत असली की मार्ग लीक होतो. डिस्टिंग्विशर मार्गाची केवळ ओळख सांगतो. तो कोणाला मिळावा हे टार्गेट ठरवते. या दोहोंची मूल्ये बरेचदा सारखीच लिहिली जातात, त्यामुळे त्यांची कार्येही एकच असावीत असा गैरसमज होतो.

थेट जोडलेले, स्थिर किंवा ओएसपीएफने शिकलेले मार्ग या पद्धतीने वाटावयाचे, तर ते आधी त्या व्हीआरएफच्या बीजीपीमध्ये आणावे लागतात. तसेच सर्व मार्ग सरसकट न देता गाळणी लावून मोजकेच पत्ते निवडता येतात. एफआरआर या मुक्त राउटिंग प्रणालीत एका व्हीआरएफचे मार्ग दुसऱ्यात थेट आयात करण्याची सुटसुटीत आज्ञा आहे. रूट टार्गेटांची जुळणी प्रणाली पडद्याआड स्वतःच करते.

### मार्गतक्त्यांचे गट

ज्युनिपरच्या जुनोस प्रणालीत अनेक मार्गतक्त्यांचा गट करून एकच मार्ग एकाच वेळी त्या सर्वांत लिहिण्याची सोय आहे. गटातील पहिला तक्ता मुख्य आणि उर्वरित दुय्यम मानले जातात. या पद्धतीस बीजीपीची आवश्यकता नसते.

### लिनक्सवरील व्यवस्था

लिनक्समध्ये व्हीआरएफ हे एका आभासी उपकरणाच्या रूपात असते आणि त्याला एक मार्गतक्ता जोडलेला असतो. मार्ग लिहिताना दुसऱ्या व्हीआरएफचे उपकरण किंवा इंटरफेस दिला की तो मार्ग लीक होतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. लिनक्स नियमांची यादी क्रमाने तपासतो. व्हीआरएफचा नियम १००० व्या आणि मुख्य तक्त्याचा नियम ३२७६६ व्या प्राधान्यावर असतो. व्हीआरएफच्या तक्त्यात मार्ग सापडला नाही, तर शोध तेथेच न थांबता पुढे मुख्य तक्त्यापर्यंत जातो, आणि कोणीही मार्ग दिला नसताना गळती होते. म्हणून प्रत्येक व्हीआरएफच्या तक्त्यात 'पोहोचता येत नाही' असे सांगणारा, अत्यंत कमी पसंतीचा मूलभूत मार्ग लिहून ठेवावा, असे कर्नलचे दस्तऐवज सुचवतात.

### फायरवॉलमधून जोडणी

विभागांमधील वाहतूक तपासणे आवश्यक असेल, तर मार्ग स्विचमध्येच लीक न करता दोन्ही व्हीआरएफ एका फायरवॉलशी जोडले जातात. प्रत्येक व्हीआरएफ इतरांकडे जाणारी पॅकेटे फायरवॉलकडे सोपवतो आणि परवानगीचा निर्णय फायरवॉल घेतो. काटेकोर अर्थाने हे रूट लीकिंग नव्हे. पण उद्देश तोच असल्याने आराखडा करताना या दोन पर्यायांची नेहमी तुलना होते.

## उदाहरण

एका काल्पनिक रुग्णालयाच्या स्विचवर तीन व्हीआरएफ आहेत असे समजू.

- रुग्णसेवा: वैद्यकीय उपकरणे व रुग्णांच्या नोंदी, पत्ते १०.१०.०.०/१६
- अभ्यागत: नातेवाइकांसाठीचे वायफाय, पत्ते १०.२०.०.०/१६
- सामाईक: डीएनएस सर्व्हर व इंटरनेटकडे जाणारी फायरवॉल, पत्ते १०.९९.१.०/२४

रुग्णसेवा आपले मार्ग ६५०००:१० या रूट टार्गेटसह बाहेर देतो, अभ्यागत ६५०००:२० सह आणि सामाईक ६५०००:९९ सह. पहिले दोन्ही विभाग फक्त ६५०००:९९ आत घेतात. सामाईक विभाग ६५०००:१० आणि ६५०००:२० हे दोन्ही आत घेतो.

आता रुग्णसेवेतील १०.१०.४.७ या यंत्राने १०.९९.१.५३ या डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारला, तर जाण्याचा मार्ग रुग्णसेवेच्या तक्त्यात आणि परतीचा मार्ग सामाईक तक्त्यात मिळतो. अभ्यागतांपैकी कोणी १०.१०.४.७ कडे पॅकेट पाठवले, तर त्या पत्त्याचा मार्ग अभ्यागत तक्त्यात नसल्याने ते टाकून दिले जाते. सामाईक विभागाने रुग्णसेवेकडून घेतलेले मार्ग अभ्यागतांना पुढे दिले जात नाहीत, कारण अनेक प्रणालींत एकदा आयात केलेला मार्ग पुन्हा निर्यात होत नाही. येथवर रचना निर्दोष आहे.

मात्र इंटरनेटसाठी अभ्यागत विभागास सामाईक विभागातील फायरवॉलकडे नेणारा मूलभूत मार्ग, म्हणजे ०.०.०.०/०, दिला की चित्र पालटते. मूलभूत मार्ग प्रत्येक पत्त्यास लागू पडतो. त्यामुळे १०.१०.४.७ साठीचे पॅकेट आता टाकले न जाता फायरवॉलकडे जाते. फायरवॉलला रुग्णालयातील सर्व पत्ते ठाऊक असतात. तिच्यात मनाई करणारा नियम नसेल, तर ती ते पॅकेट स्विचच्या सामाईक विभागाकडे परत पाठवते. सामाईक तक्त्यात रुग्णसेवेचा मार्ग आहेच. अशा रीतीने प्रतीक्षाकक्षातील एखाद्या भ्रमणध्वनीवरून निघालेले पॅकेट वैद्यकीय उपकरणापर्यंत पोहोचू शकते, आणि तरीही अभ्यागतांच्या तक्त्यात रुग्णसेवेचा एकही मार्ग दिसत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, फायरवॉलमध्ये या दोन पट्ट्यांमधील वाहतुकीस स्पष्ट मनाई करणे. दुसरा, अभ्यागत तक्त्यात १०.०.०.०/८ साठी पॅकेटे टाकून देणारा मार्ग लिहिणे. हा मार्ग मूलभूत मार्गापेक्षा नेमका असल्याने त्यावर मात करतो, १०.२०.०.०/१६ आणि १०.९९.१.०/२४ हे मार्ग त्याहूनही नेमके असल्याने अभ्यागतांचे कायदेशीर व्यवहार अबाधित राहतात. महत्त्वाच्या ठिकाणी दोन्ही उपाय एकत्र योजले जातात.

## मर्यादा आणि धोके

पत्त्यांची पुनरावृत्ती. दोन विभागांत एकच पट्टा वापरात असेल, तर ते दोन्ही मार्ग तिसऱ्या विभागात आणल्यावर त्यांतील एकच निवडला जातो आणि दुसरा निरुपयोगी ठरतो. रूट डिस्टिंग्विशर ही अडचण सोडवत नाही, कारण तक्त्यात उतरताना तो गळून पडतो. अशा वेळी पत्त्यांचे रूपांतर, म्हणजे नॅट, करावे लागते.

मार्ग म्हणजे परवानगी नव्हे. रूट लीकिंग केवळ पत्त्यांचा विचार करते. एखाद्या सर्व्हरचा मार्ग दिला की त्यावरील सर्व सेवा खुल्या होतात; फक्त डीएनएसला वाट द्यावी आणि इतरांना देऊ नये, हे मार्गतक्त्यास सांगता येत नाही. त्यासाठी प्रवेशनियंत्रण याद्या किंवा फायरवॉल लागते. व्हीआरएफ माहितीचे कूटलेखनही करत नाही.

सामाईक विभागातील यंत्रे. सर्व विभागांना पोहोचणारा सर्व्हर स्वतःही सर्व विभागांत पोहोचतो. त्यावर कोणी ताबा मिळवला, तर राउटिंगच्या पातळीवरील वेगळेपण निरर्थक ठरते.

एकतर्फी वाट. विभागांच्या मध्ये फायरवॉल असताना एकाच दिशेचा मार्ग स्विचमध्ये लीक केला, तर जाणारी पॅकेटे फायरवॉलला टाळून जातात आणि परतीची तिच्यातून येतात. संवादाची सुरुवात न पाहिलेली फायरवॉल अशी उत्तरे अडवते.

यंत्राच्या मर्यादा. लीक केलेला मार्ग चिपच्या स्मृतीत प्रत्येक तक्त्यासाठी वेगळी जागा घेतो. हजारो मार्ग अनेक विभागांत दिल्यास ही स्मृती भरून जाऊ शकते. तसेच अनेक उपकरणांवर दुसऱ्या व्हीआरएफमधील स्विचच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग केल्यास उत्तर मिळत नाही, जरी त्यापलीकडील यंत्रांशी संपर्क सुरळीत चालू असतो.

## पडताळणी

लीक केलेले मार्ग तपासताना दोन्ही व्हीआरएफचे तक्ते पाहिले जातात. केवळ तक्ता पाहून न थांबता, प्रेषकाचा पत्ता आणि व्हीआरएफ स्पष्टपणे नमूद करून पिंग व ट्रेसरूट या आज्ञा चालवल्या जातात. तसे न केल्यास काही उपकरणे मुख्य तक्त्यातून शोध घेतात आणि निष्कर्ष चुकतो.

जो संपर्क व्हावयास हवा तो होतो का, हे पाहण्याइतकेच जो होऊ नये तो खरोखर होत नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. पहिल्या प्रकारातील चूक वापरणाऱ्यांच्या तक्रारींमुळे लगेच उघडकीस येते. दुसऱ्या प्रकारातील चुकीबद्दल कोणी तक्रार करत नाही. ती शोधावी लागते. त्यामुळे प्रत्येक लीक केलेल्या मार्गाचे कारण लिहून ठेवणे, व्हीआरएफमधील मार्गांच्या संख्येवर कमाल मर्यादा घालणे आणि गरज संपताच मार्ग काढून टाकणे, ही कामे जाळ्याच्या नित्य देखभालीचा भाग मानली जातात.

## हेही पाहा

- राउटर
- नेटवर्क स्विच
- व्हीलॅन
- बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल
- एमपीएलएस
- फायरवॉल